कोरं पिवळं कार्ड

१

फाईल गेली मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. चष्मेवाला म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमचा प्रमुख. माणूस सज्जन, कामात चोख, पण संकट आलं की आधी चष्मा पुसणार आणि मग घाबरणार. त्या दिवशी त्यानं तीनदा चष्मा पुसला आणि सरळ दप्तरबाईंना फोन लावला.

दप्तरबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधीची तीस वर्षं ती खोली त्यांचीच होती. अख्ख्या हॉस्पिटलात त्यांना न घाबरणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे कपाटामागचा उंदीर, आणि तोही त्या निवृत्त झाल्यावरच आला, असं लोक म्हणत.

"बाई, ६२४१७ नंबर जागेवर नाही."

"जागेवर नाही म्हणजे? फाईलला काय पाय फुटले?"

"उद्या दहाला बैठक आहे हो. तोवर मिळाली नाही तर मला घरी बसवणार आहेत. दोन्ही डॉक्टर म्हणतात, दुसऱ्यानंच पळवली."

भांडण कशावरून होतं ते दप्तरबाईंच्या कानावर आलं होतं. गर्भपातासाठी येणाऱ्या बायकांच्या हातात द्यायला हॉस्पिटल एक पत्रक छापणार होतं. धोके कोणते, किती, काय काळजी घ्यायची, असं सगळं. सगळं ठरलं आणि एका ओळीवर गाडं अडलं. 'या हॉस्पिटलात गर्भपातामुळे एका स्त्रीचा मृत्यू झालेला आहे.' स्त्रीरोग विभागाचे मोठे डॉक्टर म्हणत, ही ओळ हवीच. त्यांच्याच विभागातली संशोधन करणारी तरुण डॉक्टर म्हणे, फाईल बघितल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही. ती एकमेव बाई म्हणजे ६२४१७. बावीस वर्षांपूर्वीची.

दप्तरबाई तासाभरात हजर झाल्या. सतरा नंबरच्या घोडीपाशी, म्हणजे फाईलींच्या मांडणीपाशी गेल्या. दोन जाड फाईलींच्या मधे बोटभर फट होती, आणि त्या फटीत एक पिवळं कार्ड उभं होतं.

त्यांनी कार्ड काढलं, उजेडात धरलं, उलटून पाहिलं. दोन्ही बाजू कोऱ्या.

"हे तू ठेवलंस?"

"मी? बाई, ही कार्डं आपण वापरत नाही आता. सगळं कॉम्प्युटरवर असतं. ती तुमच्या जुन्या टेबलाच्या खणात पडून आहेत, आठ वर्षं झाली."

दप्तरबाई खाली स्टुलावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून नव्हे.

२

पिवळ्या कार्डाची गोष्ट अशी, की ते दप्तरबाईंनीच सुरू केलं होतं. फाईल काढली की तिच्या जागी कार्ड उभं करायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची. विसरलं की त्या सगळ्यांसमोर अशी काही हजेरी घेत, की पुढच्या वेळी माणूस झोपेतही कार्ड विसरत नसे. "कार्डाशिवाय फाईल काढणं म्हणजे लेकरू उचलून नेणं," असं त्या म्हणायच्या.

"आत कोण कोण येतं?" त्यांनी विचारलं.

"मी आणि माझा मदतनीस, आम्ही दोघंच. बाकीचे खिडकीवर चिठ्ठी देतात."

"आणि जेवायला जातोस तेव्हा कुलूप लावतोस?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. "कडी लावतो."

"वा! म्हणजे चोरानं येताना कडी काढायची आणि जाताना लावायची. फारच कष्ट दिलेस बिचाऱ्याला."

बोलता बोलता त्या खोलीच्या मागच्या भिंतीकडे गेल्या. तिथल्या फळ्यांवर आता कोरे फॉर्म आणि मोडके पंखे ठेवलेले होते. धूळ इतकी, की बोटानं पत्र लिहावं. खालून दुसऱ्या फळीवर त्या धुळीत चार बोटं उमटली होती, ताजी. फॉर्मचे गठ्ठे जरासे बाजूला सारलेले होते.

दप्तरबाईंनी त्या फळीवर किती वर्षं हात फिरवला होता! अकरा वर्षांपूर्वीपर्यंत फाईली इथे सरळ क्रमानं लागत, एकापुढे एक. बासष्ट हजार चारशेच्या आसपासच्या याच फळीवर असायच्या. मग नवी पद्धत आली. नंबरचे शेवटचे दोन आकडे बघायचे आणि त्या आकड्याच्या घोडीवर फाईल लावायची. सतरानं संपणाऱ्या सगळ्या सतरा नंबरवर. दारामागे भिंतीला तक्ता लावलेला आहे, वाचता येणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं.

म्हणजे आलेलं माणूस आधी जुन्या जागी गेलं. तिथे काही मिळालं नाही, मग तक्ता वाचून नव्या जागी आलं. अकरा वर्षांपूर्वी त्याला ही खोली तोंडपाठ होती आणि त्यानंतर त्यानं इथे पाऊल टाकलं नव्हतं.

"चष्मेवाल्या," दप्तरबाई हलकेच म्हणाल्या, "हा चोर माझ्याच हाताखाली शिकलाय रे."

३

तरी त्या आधी तरुण डॉक्टरकडे गेल्या. आपल्या माणसावर आळ घ्यायच्या आधी बाकीची दारं ठोठावून बघावीत, हा त्यांचा स्वभाव.

तरुण डॉक्टरच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि त्यात कुठेतरी सकाळचा चहा गार होत होता.

"मी कशाला चोरीन, बाई? मला तर ती फाईल हवीच होती," ती म्हणाली. "माझ्याकडे बावीस वर्षांचं रजिस्टर आहे. रकाने चारच. नंबर, वय, कारण, परिणाम. हिच्यापुढे लिहिलंय, वय चोवीस, कारण गर्भपात, परिणाम मृत्यू. बस्स. कशानं गेली, कितव्या आठवड्यात आली, आधी कुणाचा हात लागला होता का, काही नाही."

"मोठे डॉक्टर म्हणतात, तू धोका लपवतेस."

"धोका शून्य आहे असं मी कधी म्हटलं? रक्तस्राव होऊ शकतो, जंतू जाऊ शकतात. साधा दात काढायचा म्हटला तरी धोका असतोच की. वेळेत, स्वच्छ जागी, शिकलेल्या हातानं झालं तर तो फार कमी असतो, आणि उशीर होत जातो तसा वाढतो. नंतर मूलच होत नाही, छातीचा कॅन्सर होतो, असलं काहीबाही बायकांना सांगतात. त्याला मला कुठे आधार सापडला नाही. जेवढं आहे तेवढं सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे." ती थांबली. "घाबरवलेली बाई गर्भपात टाळत नाही हो, बाई. ती दुसरीकडे जाते, नाहीतर उशिरा येते."

"आणि त्या फाईलीत खरंच तसं निघालं असतं तर?"

"तर ती ओळ मी माझ्या हातानं लिहिली असती."

रेकॉर्ड रूममध्ये कधी गेलीस, असं विचारल्यावर तिला खोली कुठल्या मजल्यावर आहे तेच धड सांगता येईना. नोकरीला लागून तिला चारच वर्षं झाली होती.

४

मोठे डॉक्टर खिडकीपाशी उभे होते. केस पांढरे, आवाज अजून खणखणीत. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हातानं फाईल काढली नव्हती. चिठ्ठी पाठवायची आणि वाट बघायची, एवढंच त्यांना ठाऊक.

"या, दप्तरबाई. आता तुम्हीच सांगा. ही पोरगी मला तक्ते दाखवते. मी ज्या बायका रक्तानं माखलेल्या पाहिल्यात, त्या हिच्या तक्त्यात आहेत का? वीस वर्षांनी माझ्यासमोर बसून रडणारी बाई हिच्या कुठल्या रकान्यात बसते?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि दप्तरबाईंना ते पाहवलं नाही.

"रडणाऱ्या असतात, डॉक्टर. पण का रडतात ते विचारलंत कधी?"

"का म्हणजे?" ते जरा चिडले. "मी कुणाला नाही म्हणत नाही. आलेल्या प्रत्येकीला सांगतो, घरी जा, आठ दिवस विचार कर, मग ये. पहिल्यापासूनची पद्धत आहे माझी. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

"ही ६२४१७ आठवते तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "लाज वाटते सांगायला, पण नाही आठवत."

५

उरलं एकच दार. जुन्या पद्धतीच्या काळात रात्रपाळीच्या नर्सेस स्वतः खाली येऊन फाईली काढत. त्यातल्या बहुतेक निवृत्त झाल्या, काही परगावी गेल्या. एक तेवढी राहिली होती. स्त्रियांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, दप्तरबाईंची लाडकी.

सिस्टर एका बाईचा ताप बघत होती. दप्तरबाईंना पाहून ती हसली, पण ओठांपुरतंच. बरीच वाळली होती.

"काय गं, अंगावर मांस ठेवलं नाहीस ते?"

"महिनाभर रजेवर होते, बाई. आई गेली माझी."

"अरे देवा. मला कसं कुणी कळवलं नाही?"

"कळवण्यासारखं काही नव्हतं." तिनं थर्मामीटर झटकलं. "तुम्ही त्या फाईलीसाठी आलात ना? सगळ्या वॉर्डात तेच चाललंय. मी म्हणते, मेलेल्या बाईला कशाला उकरून काढायचं? दोन लेकरं मागे टाकून गेली बिचारी." तिनं तोंड फिरवलं. " आता हे दोघं भर बैठकीत तिचं पोट उघडून बघणार. राहू द्या की तिला सुखानं."

"तू होतीस का तेव्हा इथे?"

"छे. मी तेव्हा दुसऱ्या गावी ट्रेनिंगला होते. इथे लागले त्यानंतर दोन वर्षांनी."

दप्तरबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जिना उतरू लागल्या. मधल्या वळणावर त्यांचा पाय थबकला. मागून येणारा वॉर्डबॉय धडकता धडकता वाचला.

रजिस्टरात रकाने चार. त्यात लेकरांचा रकाना नाही. तेव्हा हॉस्पिटलात नसलेल्या सिस्टरला दोन लेकरं कुठून कळली?

फाईल वाचून कळली असतील, असं त्यांना आधी वाटलं. पण फाईल वाचणारं माणूस 'बिचारी' म्हणताना असं तोंड फिरवत नाही. तसं आपल्या रक्ताच्या माणसासाठीच होतं.

त्या पुन्हा वर चढल्या.

६

वॉर्डच्या टोकाला चादरींची खोली होती. तिची किल्ली फक्त इन्चार्जकडे असे. दप्तरबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं आणि पिशवीतून कोरं पिवळं कार्ड काढून घड्या केलेल्या चादरींवर ठेवलं.

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, पोरी. कोण होती ती तुझी?"

सिस्टरनं कार्डाकडे पाहिलं आणि खाली बसली.

"धाकटी बहीण."

"मग कार्ड कशाला ठेवलंस? ते नसतं तर मला सात जन्मात कळलं नसतं."

"हात गेला, बाई. फाईल काढली, आणि ती मोकळी जागा बघवेना. नाव मात्र लिहवलं नाही."

मग ती बोलायला लागली. इतकी वर्षं तोंड शिवून बसलेलं माणूस एकदा बोलायला लागलं की थांबत नाही. धाकटीला दोन लेकरं पाठोपाठची. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा तिनं ट्रेनिंगच्या होस्टेलवर ताईला फोन केला. ताईनं सांगितलं, घरगुती उपाय करू नकोस, कुठल्या बाईबिईकडे जाऊ नकोस, मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे शिकलेले हात असतात. आठवड्यात निरोप आला, धाकटी गेली.

"भाऊजी रेकॉर्डच्या खिडकीवर गेले, एक लेकरू कडेवर, एक हाताला धरून. विचारलं, काय झालं हो तिला? खिडकीवरून फाईल बघून सांगितलं, गर्भपात. तेवढं एकच त्यांना कळलं, तेच त्यांनी घरी सांगितलं. आई म्हणाली, तूच पाठवलंस तिला मरायला. त्यानंतर बावीस वर्षं आई माझ्याशी बोलली नाही. गेल्या महिन्यात शेवटच्या दिवशी मी पाणी पाजायला गेले, तर तिनं तोंड फिरवलं. भाची सव्वीस वर्षांची झाली. तिला मावशी माहीत आहे ती आईला मारणारी म्हणून. उद्या हे लोक तेच छापणार, जन्मभरासाठी."

"फाईल वाचलीस?"

"नाही." तिनं तळाच्या चादरीखालून फाईल काढली. "उघडवली नाही मला. वरचं वाचलं तेवढं पुरे झालं."

जुन्या, कडा फाटलेल्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गर्भपात. खाली एक तिरकी रेघ.

ते अक्षर दप्तरबाईंचं होतं. ती रेघही त्यांचीच. त्या काळी बाई पहिल्यांदा आली की ती कशासाठी आली तेच कव्हरवर लिहायची रीत होती. पुढे काय निघालं, काय झालं, कव्हर कुणी बदलत नसे. रजिस्टर भरणारा कारकूनही कव्हर बघूनच 'कारण' भरायचा. आणि त्या वर्षी खिडकीवर कोण बसत होतं?

"मी होते," त्या म्हणाल्या. "खिडकीवर मीच होते."

"अक्षर ओळखलं मी, बाई," सिस्टर हळूच म्हणाली. "वीस वर्षं बघतेय. म्हणून तर उघडली नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

दप्तरबाईंना कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्यांनी फाईल उघडली आणि सिस्टरच्या मांडीवर ठेवली. "वाच. मोठ्यानं वाच."

सिस्टर वाचू लागली. "सोमवार. दीड महिना. मागणी, गर्भपात. उजव्या बाजूला पोटात दुखतं, अधूनमधून रक्त जातं. विचार करून आठ दिवसांनी यावं." खाली मोठ्या डॉक्टरांची सही. "शनिवार. बेशुद्ध अवस्थेत आणलं. पोटात रक्त. तातडीनं ऑपरेशन. गर्भ पिशवीत नाही, उजव्या नळीत. नळी फुटलेली." ती थांबली. पुढची ओळ तिनं दोनदा वाचली. "गर्भपात केलेला नाही."



"झालाच नाही?" सिस्टर म्हणाली. "बाई, म्हणजे तिचा झालाच नाही?"

"नाही, पोरी. कुणी हातच लावला नव्हता तिला. त्या सोमवारी लावला असता, नीट तपासली असती, तर कदाचित वाचलीही असती. तू तिला योग्य दारात पाठवलं होतंस."

सिस्टरनं फाईल छातीशी धरली आणि ओरडून रडली. "महिनाभर आधी, बाई! एक महिना आधी उघडली असती, तर आईला सांगितलं असतं हो!"

दप्तरबाईंनी तिला जवळ घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फाईल बैठकीच्या टेबलावर होती.

"कुठे होती?" अधीक्षकांनी विचारलं.

"चुकीच्या कारणाखाली. बावीस वर्षं," दप्तरबाई म्हणाल्या. "काढली मी. कार्डावर नाव आहे माझं." पिवळ्या कार्डावर त्यांनी सकाळीच नाव घातलं होतं, तिरक्या रेघेसकट. चष्मेवाला काहीतरी बोलणार होता, पण त्यांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं चष्मा पुसत बसला.

मग त्यांनी कव्हरची रीत सांगितली, आणि आपलं अक्षर दाखवलं. मोठ्या डॉक्टरांनी फाईल ओढून घेतली. सोमवारच्या पानावर त्यांची नजर खिळली. खाली त्यांचीच सही होती.

"बाजूला दुखतंय असं लिहिलंय इथे. हे मी वाचलं नसेन का?"

"वाचलं असेल," दप्तरबाई म्हणाल्या. "पण ती कशासाठी आलीय ते तुम्ही आधी वाचलंत, डॉक्टर. आणि मी तर पुढचं पानच उलटलं नाही."

तरुण डॉक्टर जिंकली होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिनं पत्रकातली ती ओळ खोडली. मोठे डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "तिच्या जागी एक घाल. पोटात दुखत असेल तर त्याच दिवशी तपासणी. आठ दिवसांची वाट बघायची नाही." तिनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

दुपारी दप्तरबाई आणि सिस्टर भाचीच्या इमारतीचे तीन मजले चढून गेल्या. दप्तरबाईंचे गुडघे बोंबलत होते, पण आधार घ्यायला त्या तयार नव्हत्या. दारापाशी आल्यावर सिस्टरचा हात घंटीपर्यंत गेला आणि परत आला.

"नाही जमत, बाई. ती दार लावून घेईल."

"घेऊ दे. मग मी दाराबाहेरून बोलेन. माझा आवाज काही लहान नाही."

त्यांनीच घंटी दाबली. दार उघडलं. समोर सव्वीस वर्षांची मुलगी. सिस्टर तोंडावर हात ठेवून एक पाऊल मागे सरली, कारण मुलगी हुबेहूब धाकटीसारखी होती. मुलीनं तिला ओळखलं आणि तिचा चेहरा एकदम कठोर झाला. दाराची कड हातात घट्ट धरून ती उभी राहिली.

"बाळ," दप्तरबाई म्हणाल्या, "तुझे बाबा एकदा एका खिडकीवर आले होते. तू त्यांच्या हाताला होतीस. त्यांनी विचारलं, काय झालं हो तिला. मी फाईल न उघडताच उत्तर दिलं. ते उत्तर चुकलं होतं. आता नीट सांगायला आलेय. ऐकशील?"

मुलीनं दार लावलं नाही.